उद्यमबागेला संध्याकाळी उघडा राहणारा दवाखाना द्या

प्रति,
मा. महापौर, मा. उपमहापौर, मा. आयुक्त, आरोग्य स्थायी समितीचे अध्यक्ष आणि ५८ प्रभागांचे सर्व नगरसेवक,
बेळगाव महानगरपालिका

स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. चौदा माणसे कामाला आहेत. फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येते, आम्ही त्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून पुढे पाठवतो. स्वतःचे शॉप टाकण्याआधी बरीच वर्षे मी फाउंड्रीत नोकरी केली. मागणी एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. येत्या अर्थसंकल्पात उद्यमबागेसाठी कामगार आरोग्य केंद्राची तरतूद करा. तिथे फुप्फुसांची, कानांची आणि कातडीची तपासणी व्हावी, मनातले बोलायला एक समुपदेशक असावा, आणि ते केंद्र संध्याकाळी पाळी सुटल्यावर उघडे असावे.

हे काम मालकांचे, यात महापालिकेचा काय संबंध, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. मालकाची जबाबदारी मी झटकत नाही, मी स्वतः मालक आहे. पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नगरपालिकांकडे दिलेला आहे, आणि आमचा ट्रेड लायसन्सही तुम्हीच देता. मालमत्ता कराचे चलन काढून बघा. मूळ कराखाली आरोग्य उपकर, ग्रंथालय उपकर, भिक्षुक उपकर अशा ओळी असतात. आरोग्य उपकर करावर १५ टक्के. तो राज्याच्या १९६२ च्या कायद्याने लागतो आणि वसुलीचा खर्च वजा जाता राज्याकडे जातो, हे मला माहीत आहे. तरी तो गोळा तुम्ही करता, आणि उद्यमबागेतला प्रत्येक शेडवाला तो भरतो. त्या पैशातून उद्यमबागेच्या कामगारासाठी काय मागायचे, हे सभागृहात ठराव करून राज्याला विचारण्याचा अधिकार तुम्हाला नक्कीच आहे.

आता फेटलिंगचे, म्हणजे कास्टिंग साफ करायचे, काम जरा जवळून बघू, कारण बाकीचे सगळे त्यावरून कळेल. ओतकाम थंड झाले की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. त्याच्या अंगाला जळकी वाळू चिकटलेली असते, कडेला पातळ पापुद्रे असतात, रायझरचा, म्हणजे ओतताना ठेवलेल्या जादा धातूचा, ठोंब असतो. हे सगळे काढायचे काम फेटलरचे. तो वाकून उभा असतो, हातात ग्राइंडर, डोक्यावर रुमाल, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. ठिणग्या उडतात त्या दिसतात, धुळीचा लोट दिसतो, सकाळी थुंकीतून काळे पडते तेही दिसते. जी धूळ दिसते ती जाड असते, ती बरीचशी नाकाघशातच अडकते. नुकसान करते ती न दिसणारी. वाळूतल्या सिलिकाचे कण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक झाले की थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथे रुततात आणि त्यांच्याभोवती व्रण धरत जातो. टॉवेल त्यांना अडवत नाही. हा सिलिकोसिस. बहुतेकांना तो दहा-पंधरा वर्षांनी कळतो, तोवर शरीर तरुण असते आणि माणूस धावतपळत असतो. एकदा झाला की बरा होत नाही. काम सोडले तरी तो पुढे सरकत राहतो.

यात आणखी एक घात आहे. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय लवकर घर करतो, आणि एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात. माझ्याबरोबर काम केलेला एक फेटलर होता, कडोली भागातला. खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप. एका दवाखान्यात क्षयाचे सहा महिन्यांचे औषध दिले, त्याने ते नेमाने घेतले, जरा बरे वाटले, परत त्याच ग्राइंडरवर उभा राहिला. वर्षभरात पुन्हा तेच. पुन्हा औषध. त्या सगळ्या काळात कुठल्याच टेबलावर त्याला "तू काम काय करतोस?" असे कुणी विचारले नाही. शेवटी एका डॉक्टरने विचारले तेव्हा जिना चढताना तो दोन ठिकाणी थांबत होता. आता तो घरी असतो, बायको शेतमजुरीला जाते.

हा एक प्रश्न केसपेपरवर छापलेला असता, तरी त्या माणसाच्या हाती काही वर्षे जास्त लागली असती. तुम्ही शहरातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर "काम काय करता, किती वर्षे" ही ओळ घालायला सांगू शकता. त्याला अर्थसंकल्प लागत नाही.

कायदा आहे. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, मोठ्या आवाजामुळे येणारा बहिरेपणाही होता. असा रुग्ण सापडला की डॉक्टरने सरकारला कळवायचे, असा नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेतही अशी यादी आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच संहितेत कारखान्याची व्याख्या बदलली. पूर्वी वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना, आता २० लागतात. माझे शॉप त्यातून बाहेर पडले. आमच्या गल्लीतली शेड मोजली तर निम्म्याहून जास्त बाहेर पडतील असा माझा अंदाज आहे. दहाच्या आत माणसे असलेल्या वर्कशॉपची तर गोष्टच नको. ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजनासुद्धा साधारण दहा माणसांपासून पुढे लागते, आणि पगार २१,००० च्या वर गेला की माणूस त्यातून बाहेर. म्हणजे कामगार तोच, धूळ तीच, आवाज तोच, पण शेडच्या आकारावरून त्याची काळजी कोणी घ्यायची ते ठरते. या फटीत जे सापडतात त्यांच्यापर्यंत पोहोचणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे स्थानिक पालिका. राज्याचा निरीक्षक आमच्याकडे क्वचित येतो. तुमचा माणूस दरवर्षी येतो.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, आणि मालक म्हणून मी ते स्पष्ट लिहितो. मालकाने केलेल्या तपासणीवर कामगाराचा विश्वास नसतो. त्याचे त्यात काही चुकत नाही. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकायच्या यंत्रात कमी आकडा आला, कानाच्या चाचणीत दोष निघाला, तर उद्या गेटवर आपल्याला थांबवतील, ही भीती त्याला असते. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पोराला तर जास्तच. म्हणून तो खोकला दाबून ठेवतो, "काही नाही, बरा आहे" म्हणतो. मालकालाही कागद हवा असतो. मागे एका लॅबचे लोक आमच्या भागात शिबिर घेऊन गेले. उंची, वजन, रक्तदाब, साखर. प्रत्येकाची गुळगुळीत फाइल. फाउंड्रीच्या कामगारांची तपासणी, आणि फुप्फुसाच्या ताकदीचा आकडा नाही, कानाची चाचणी नाही. फायली कपाटात गेल्या, मालकांचे काम झाले, कामगाराला काय कळले? काहीच नाही. नव्या कायद्याची तपासणीही अशाच फायलींवर भागवली जाईल याची मला धास्ती आहे.

म्हणून केंद्र सार्वजनिक हवे. तपासणीचा कागद कामगाराच्या हातात पडावा. मालकाला फक्त एवढेच कळावे की अमक्या कामाच्या ठिकाणी धूळ जास्त आहे, तमक्या मशीनचा आवाज जास्त आहे, इथे धूळ ओढून घेणारा हुड बसवा, तिथे पाणी मारा. माणसाचे नाव नको, जागेचे नाव हवे. असे झाले तर कामगार स्वतःहून येईल. आणि माझ्यासारख्या मालकालाही जे आज कोणी सांगत नाही ते कळेल. हुड कितीचा बसतो, वाळू ओली ठेवली तर काय फरक पडतो, कुठला मास्क खरा आणि कुठला नुसता पांढरा कपडा, हे विचारायला आमच्याकडे आज माणूस नाही. मोठ्या कंपन्या सेफ्टी ऑफिसर ठेवतात. चौदा माणसांच्या शॉपला तो परवडत नाही.

वेळेबद्दल हट्ट का, तेही सांगतो. राज्याने २०२२ च्या अखेरीस नम्म क्लिनिक सुरू केली, आपल्या शहरातही ती आली. उपक्रम चांगला आहे. पण त्यांची वेळ साधारण सकाळी ९ ते दुपारी साडेचार. आमची जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते. रोजावरचा माणूस खोकला दाखवायला अर्धा दिवस पगार सोडणार नाही. तो रात्री मेडिकलमधून गोळी घेतो आणि सकाळी परत कामावर. त्याच्यासाठी बंद दारासारखाच तो दवाखाना. उद्यमबागेत केंद्र दुपारी तीन ते रात्री नऊ चालवले, तर पहिली पाळी सुटलेला, जनरलवाला आणि दुसऱ्या पाळीचा जेवणाच्या सुट्टीतला, तिघांनाही जाता येईल.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण धुळीच्या मानाने ते कमी गंभीर वाटते, पण घरात त्याचे दुःख मोठे असते. पत्र्यावर हातोडा, शॉट ब्लास्टिंग, प्रेस. नव्वद डेसिबलच्या वर आठ तास राहू नये असा जुना दंडक आहे. आमच्याकडचे कितीतरी चाळिशीतले टर्नर घरी टीव्ही इतका मोठा लावतात की पोरे अभ्यासाला शेजारी जातात. वडगाव, खासबाग, शहापूर, जुने बेळगावच्या विणकरांच्या घरी तर माग पुढच्या खोलीतच असतो. बाळ पाळण्यात, आजी कोपऱ्यात, मधे चार यंत्रमाग. तिथे कारखाना कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होते? त्यांना कुठलाच कामगार कायदा धड लागत नाही. कान तपासायचे एक यंत्र आणि ते हाताळणारी एक शिकलेली मुलगी महिन्यातून दोन वेळा वडगावात बसली, तर त्या घरांतल्या बायकांची पहिल्यांदा तपासणी होईल.

हातांचे म्हणाल तर मशीन शॉपची सोमवारची सकाळ बघा. रविवारी मशीन बंद, टाकीतला कूलंट, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणारे तेलपाणी, उभा राहिलेला. सोमवारी पंप चालू केला की कुजका वास सुटतो. त्यात जंतू वाढलेले असतात. त्याच पाण्यात ऑपरेटरचे हात दिवसभर. बोटांच्या बेचक्यात भेगा, खाज, पाणी. तो ग्रीस लावतो, रात्री खोबरेल लावतो, ऑपरेटर बदलतो आणि दुसऱ्याचे हात फुटायला लागतात. ग्राइंडर आणि न्यूमॅटिक हत्यारांवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांची बोटे डिसेंबरच्या थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात. त्यांना वाटते वय झाले. ते यंत्राच्या थरथरीने झालेले असते, आणि लवकर कळले तर थांबवता येते.

आता मनाविषयी. यावर उद्यमबागेत कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. २०२३ मध्ये कर्नाटकाने कारखाना कायदा दुरुस्त केला, आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवून दिवसाला १२ तासांपर्यंत कामाची मुभा दिली. प्रत्यक्षात बाराची पाळी आमच्याकडे त्याआधीही होती. रात्रपाळीचा सीएनसी ऑपरेटर सकाळी घरी जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप लागत नाही, संध्याकाळी परत निघतो. असे आठवडे गेले की चिडचिड होते, बायकोपोरांवर हात उठतो, पिणे वाढते, आणि मग एक दिवस बोट प्रेसमध्ये जाते. अपघाताच्या कागदावर "निष्काळजीपणा" लिहितात. त्याची झोप कोणी विचारत नाही.

त्यात कर्ज. घरातल्या बायकांच्या नावावर गटातून घेतलेली मायक्रो फायनान्सची कर्जे, एकाचे फेडायला दुसरे. वसुलीवाले आठवड्याला दारात, कधी कारखान्याच्या गेटवर. जिल्ह्यातल्या बायकांच्या तक्रारी तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्या असतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने दमदाटीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. तो कामगाराला कोणी समजावून सांगितला? समुपदेशक म्हटले की फक्त "तणाव घेऊ नका" सांगणारा माणूस मला नको. ज्याला कर्जाचा कागद वाचता येतो, दारू सोडायची असेल तर कुठे जायचे हे माहीत आहे, आणि गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर समोर बसून फोन लावून देतो, असा माणूस हवा. ती सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आणि चोवीस तास चालू आहे. माझ्या शॉपमध्ये मी नंबर भिंतीवर लिहिला, तोवर चौदांपैकी कोणालाच तो माहीत नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. ज्या मालकबंधूंना आरोग्याची भाषा पटत नाही त्यांनी हा आकडा पाहावा.

बायकांविषयी. कोअर शॉपमध्ये (साच्यातले वाळूचे गाभे बनवतात तिथे), पॅकिंगला, तपासणीला, सफाईला बायका आहेत. छोट्या शेडमध्ये वेगळे शौचालय नसते. त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हाळी लागणे, पोटात दुखणे हे त्यांच्यात रोजचे झाले आहे. उद्यमबागेत बायकांसाठी स्वच्छ, दिवे असलेली, रात्रीपर्यंत उघडी शौचालये बांधणे ही कामगार आरोग्याचीच गोष्ट आहे, आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दुसरे, २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार कुठे करायची, कोणाकडे, तीन महिन्यांच्या आत, हे लिहिलेला फलक प्रत्येक शौचालयाच्या आत लावा. बाहेर नको, आत. तिथेच ती निवांत वाचू शकते.

सुरुवात मात्र आपल्या घरापासून करा. शहर पहाटे झाडणारे पौरकार्मिक तुमचे आहेत, कंत्राटदाराचे असले तरी तुमचेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावचा पाऊस कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पावसात ओला कचरा उचलणाऱ्या बाईच्या पायात काय असते, हातमोजे किती महिन्यांनी मिळतात, धनुर्वाताची सुई शेवटची कधी दिली, याची माहिती पुढच्या सर्वसाधारण सभेत मागवा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे. केंद्राच्या नमस्ते योजनेत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांना सुरक्षा साहित्य आणि आयुष्मान कार्ड मिळायचे आहे. आपल्या शहरात किती जणांना मिळाले, हा आकडा फलकावर लावा. महापालिकेने आपल्या माणसांची फुप्फुसे आणि हात तपासले, तर उद्या आम्हा मालकांना सांगताना तुमच्या शब्दाला वजन येईल.

सीमाभागाची गोष्ट टाळून चालणार नाही, पण मी ती वादासाठी काढत नाही. माझ्याकडे येळ्ळूर, मजगाव, बेळगुंदीची मराठी पोरे आहेत, बैलहोंगल, गोकाककडची कन्नड पोरे आहेत, दोघे ओडिशाचे, एक उत्तर प्रदेशचा, आणि दोघे रोज चंदगड तालुक्यातून मोटारसायकलवर येतात. चंदगडचा माणूस दिवसभर इथली धूळ खातो, इथल्या मशीनवर बोट गमावतो, पण त्याचे रेशनकार्ड महाराष्ट्राचे, म्हणून कर्नाटकाची आरोग्य योजना त्याला नाही. महाराष्ट्राच्या योजनेसाठी त्याला त्या योजनेतले हॉस्पिटल शोधावे लागते. दोन राज्ये योजनांवरून भांडत राहतात आणि दम त्याला लागतो. तुमच्या केंद्रात एकच प्रश्न विचारा, कामाला कुठे? उद्यमबागेत कामाला असेल तर तपासणी व्हावी, कार्ड कुठल्याही राज्याचे असो.

आणि सूचना त्याला कळतील अशा हव्यात. जुन्या कारखाना कायद्याचे कलम १०८ सांगत होते की सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत असावी. ज्याने हे लिहिले त्याला कारखाना कळत होता. सूचना न वाचता आल्याने गेलेले बोट कुठल्याच भाषेला परत जोडता येत नाही. केंद्रातला डॉक्टर कन्नड बोलेल ते ठीकच आहे, पण मराठी आणि हिंदीत दोन वाक्ये विचारू शकेल असा एक सहायक तिथे असू द्या. दम कसा लागतो, चढताना की बसल्या बसल्या, हे माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतो.

पैसे कुठून, हा तुमचा प्रश्न असेल. माझी समजूत अशी. इमारत नवी नको, उद्यमबागेतली पालिकेची किंवा औद्योगिक वसाहतीची कुठलीही रिकामी खोली चालेल. फुंकायचे यंत्र, कानाचे यंत्र, आवाज न शिरणारी एक छोटी खोली. एक्स-रे आणि तज्ज्ञांसाठी बिम्सशी, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी, करार करा, तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनाही कामाच्या जागी होणारे आजार प्रत्यक्ष बघायला मिळतील. चालू खर्चासाठी दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या ७.२५ टक्के निधीतून काही भाग काढता येतो का, ते लेखाधिकाऱ्यांना विचारा. आणि उरलेले आम्ही देऊ. प्रत्येक कामगारामागे वर्षाला ठरावीक रक्कम मालकांनी भरावी, ट्रेड लायसन्स नूतनीकरणाच्या वेळीच भरून घ्यावी. माझ्या चौदा जणांची मी पहिल्या दिवशी भरतो.

मालक एकत्र येत नाहीत, असे म्हणू नका. याच उद्यमबागेत बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांनी क्लस्टर उभा केला. वापरलेली वाळू पुन्हा कामाला आणायची सोय, चाचणीची सोय, जी एकट्याला झेपत नव्हती ती सगळ्यांनी मिळून केली. वाळूसाठी जे जमले ते वाळूत उभ्या असलेल्या माणसासाठीही जमेल, फक्त मध्ये सगळ्यांना मान्य असलेली संस्था हवी. इंडोनेशियात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मार्गदर्शनाखाली छोट्या धंद्यांतल्या कामगारांसाठी त्यांच्या वस्तीतच अशा आरोग्य चौक्या चालतात. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसचे धोरण केले, प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला ३ लाख आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख देते. तिथे खाणी आहेत म्हणून केले. आपल्याकडे फाउंड्र्या आहेत. आधी रुग्ण मोजले गेले पाहिजेत, मग राज्याकडे धोरण मागता येईल. आपल्याकडे मोजणीच नाही.

या पत्राची एक प्रत जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही पाठवतो आहे, कारण मच्छे, होनगा, काकतीच्या शेड तुमच्या हद्दीबाहेर आहेत आणि धुळीला हद्द कळत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून, मान खाली, तंबाखूच्या धुळीत बसतात. खानापूरच्या वीटभट्टीवर कुटुंबेच्या कुटुंबे राबतात. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांच्यावर त्यांनीच लिहिलेले बरे. पण उद्यमबागेत हे केंद्र उभे राहिले तर निपाणी नगरपालिकेला आणि खानापूरला दाखवायला एक चालते उदाहरण असेल.

एक विनंती करून थांबतो. अर्थसंकल्पपूर्व बैठक सभागृहात घ्याल ती घ्या, पण आरोग्य स्थायी समितीची एक बैठक उद्यमबागेत ठेवा, संध्याकाळी साडेपाचला, पाळी सुटण्याच्या वेळी. माझ्या शॉपमधली जागा, खुर्च्या, चहा मी देतो. शेजारच्या फाउंड्र्यांतले फेटलर, मोल्डर आणि कोअर शॉपमधल्या बायका येतील याची जबाबदारी माझी. मालक म्हणून मी त्या वेळी बाहेर थांबेन, म्हणजे त्यांना मोकळेपणाने बोलता येईल. बिम्समधून एक डॉक्टर आणि फुंकायचे एक यंत्र एवढे सोबत आणा. तारीख कळवा, पंधरा दिवस आधी कळवली तर दुसऱ्या पाळीचीही व्यवस्था लावता येईल.

कळावे,
आपला,
उद्यमबागेतील एक छोटा कारखानदार